'रोज चालत जा' एवढ्यावर भागत नाही

जिममध्ये कुणी कोसळल्याचा व्हिडिओ आला की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद पेटतो. कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार २०२१ मध्ये व्यायामानंतर अवघ्या ४६व्या वर्षी गेले, त्यांचा दाखला अजून दिला जातो. एक गट म्हणतो, हृदयाच्या पेशंटने व्यायामाच्या वाटेला जाऊच नये. दुसरा म्हणतो, प्राणायाम करा, ब्लॉकेज आपोआप जातील. मला दोन्ही बोलणी ऐकवत नाहीत, कारण या भांडणात आजारी माणसाच्या हाती काहीच लागत नाही.

साताऱ्याला माझ्या मामांची अँजिओप्लास्टी झाली. डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांची नावं, डोस, वेळा सगळं नीट होतं. व्यायामाबद्दल एकच ओळ: 'रोज चालावे.' किती चालावं? चढ चालेल का? धाप लागली तर थांबायचं का? विचारायला कुणी नव्हतं. मामी घाबरलेल्या, त्यामुळे मामांचं चालणं हॉल ते गॅलरी एवढंच उरलं. अशक्तपणा वाढला, आणि तो हृदयाचाच दोष आहे असं सगळ्यांनी धरून चाललं.

मी जर्मनीत, स्टुटगार्टजवळ राहते. इथे डॉक्टर औषधासारखा व्यायामही लिहून देतात. त्यासाठी छापील फॉर्म आहे, क्रमांक ५६. आरोग्य विम्याची मंजुरी मिळाली की पेशंट गावातल्या क्रीडा मंडळाच्या 'हर्त्सग्रुप'मध्ये, म्हणजे हृदयरुग्णांच्या गटात जातो. साधारणपणे २४ महिन्यांत ९० वर्ग, खर्च विम्याचा.

आमच्या शेजारच्या आजींना सोडायला मी जाते, तेव्हा थोडा वेळ थांबून बघते. संध्याकाळी शाळेचा व्यायामाचा हॉल. आल्या आल्या बीपी आणि नाडी. मग हॉलभोवती फेऱ्या, एकमेकांकडे चेंडू टाकणं, खुर्चीवरून हात न टेकता उठणं. भिंतीशी डिफिब्रिलेटर, म्हणजे हृदय अचानक थांबलं तर शॉक देणारं यंत्र, तयार. प्रशिक्षक मधेच विचारते, "६ ते २० मध्ये किती दमलात?" ६ म्हणजे अजिबात दमलो नाही, २० म्हणजे पार थकलो. हा प्रश्न उगाच नाही. यातले बरेच जण बीटा ब्लॉकरच्या गोळ्या घेतात, त्या नाडी मंद ठेवतात, म्हणून नुसत्या नाडीवरून श्रम कळत नाहीत. कुणी १५ म्हटलं की ती त्याला हळू चालायला लावते. जिममध्ये एकट्याने वजन उचलणं आणि हे, यात किती अंतर आहे! देखरेखीखालच्या अशा व्यायामाने पुन्हा अटॅक येण्याचा, पुन्हा दाखल होण्याचा धोका कमी होतो, हे अनेक चाचण्यांत दिसलं आहे.

इथेही सगळं छान आहे असं नाही. काही ठिकाणी गटात जागा मिळायला थांबावं लागतं, आणि बरेच पेशंट फॉर्म मिळूनही जात नाहीत.

आपल्याकडे योगाची चाचणी झालीच आहे. देशातल्या २४ केंद्रांवर, हार्ट अटॅक येऊन गेलेल्या सुमारे ४,००० पेशंटना घेऊन. निकाल २०२० मध्ये आला. तीन महिन्यांत १३ वर्ग. नवा अटॅक किंवा मृत्यू यांत ठोस फरक दिसला नाही, पण योग करणाऱ्यांना तब्येत अधिक बरी वाटली आणि ते नेहमीच्या कामांकडे जास्त प्रमाणात परतले. ब्लॉकेज विरघळल्याच्या गप्पांपेक्षा ही माहिती मला मोलाची वाटते. रिक्षा चालवणाऱ्याला पुन्हा रिक्षा चालवता येणं ही मोठीच गोष्ट आहे.

आणि माणसं जमवणं आपल्याला शिकवावं लागत नाही. पुण्यात वेताळ टेकडीवरून रस्ता न्यायचा प्रस्ताव आला तेव्हा रोज चालायला जाणारेच रस्त्यावर उतरले. बागेतला सकाळचा कट्टा इथे मला कुठेच दिसत नाही. आपल्याकडे नाही तो त्या गटात उभा राहणारा जाणकार फिजिओथेरपिस्ट आणि त्याचा पगार. आयुष्मान भारत योजना दाखल झालेल्या पेशंटचा, कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचा, खर्च उचलते. घरी गेल्यावर पहिले पंधरा दिवस सोडले तर पुढची ओपीडी तिच्यात बसत नाही. म्हणजे स्टेंट सरकारचा, आणि त्यानंतरचं चालणं ज्याचं त्याने बघायचं.

मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. पुढच्या वेळी मुंबईचं शिष्टमंडळ इथे आलं, तर त्याने एक संध्याकाळ अशा हॉलमध्ये काढावी, फॉर्म ५६ची एक प्रत मागून घ्यावी, आणि महापालिकेच्या एखाद्या रुग्णालयात तसा एक गट सुरू करून बघावा.