माहेर पेणचं

माझं माहेर पेणचं. तिथे गल्लोगल्ली गणपतीचे कारखाने, त्यामुळे मूर्तिकला आपल्या रक्तातच आहे हा गैरसमज मी रुखवताबरोबर सासरी घेऊन आले. खरं तर दादाच्या कारखान्यात मी फक्त उंदीर मोजायचे.

आमचे चिरंजीव दर शनिवारी मित्रांबरोबर २० बाजूंचा फासा टाकून राक्षस मारायचा खेळ खेळतात. त्यांना सोंगटी म्हणून जादूगाराची मूर्ती हवी होती; म्हणजे जादूगार हवा होता, पण विकतचा नको, 'मनातला' हवा. "त्यात काय, मी करते," मी म्हटलं.

मग कळलं, उंची २८ मिलिमीटर. म्हणजे डोकं तुरीच्या दाण्याएवढं. त्यात डोळे, नाक, दाढी, वर "बाबांसारखा वैतागलेला दिसू दे" ही फर्माईश.

असल्या मूर्ती ज्या पुट्टीच्या घडवतात, तिची निळी आणि पिवळी पट्टी शेजारीशेजारी चिकटून येते. दोन्ही मळून हिरवा गोळा करायचा, की जेमतेम तासभर तो ऐकतो. पण हे दोन रंग जिथे एकमेकांना टेकलेले असतात, तिथली रेघ पाकिटातच कडक झालेली असते. ती आधी कापून टाकायची. मी नाही टाकली. जन्मभर तांदळातले खडे निवडले आणि जादूगाराच्या दाढीत खडे निघाले.

नाक बसवायला जावं तर हनुवटी सुईला चिकटून वर यायची. सुई पाण्यात बुडवत राहायचं हे दोन जादूगार वाया गेल्यावर समजलं. हात मात्र सवयीने वळत होते. तिसऱ्या रात्री बघते तर स्वारीला पोट सुटलेलं आणि उजवा हात आशीर्वादाला! उरलेली पुट्टी लवकर कडक होऊ नये म्हणून फ्रीजरमध्ये ठेवली, तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, चटणी इतकी घट्ट का वाटलीस?"

एवढ्यावर भागलं असतं, पण मित्रांनाही तसाच हवा झाला. म्हणजे सिलिकॉन रबराचा साचा आला. दादाने फोनवर बजावलं, "काखेत नि काठीमागे रबर अडकेल हो, सुटायला जागा ठेव." ती ठेवली. पण सिलिकॉनचा दुसरा अर्धा भाग ओतण्याआधी पहिल्यावर व्हॅसलिन लावायला विसरले. दोन्ही अर्धे एकजीव, जादूगार पोटात. शेवटी ब्लेडने सिझेरियन केलं.

त्या साच्यात रेझिन, म्हणजे ओतल्यावर कडक होणारं पातळ प्लास्टिक, ओतलं. पहिल्याचं नाक बुडबुड्याने खाल्लं, दुसऱ्याची काठी आतच राहिली. तिसरा अख्खा निघाला. लेकाने तो दिव्यापाशी धरला. "आई, ह्याच्या झग्यावर पाठीमागे या रेघा कसल्या?"

माझा अंगठा! रेशनच्या दुकानात मशीनवर पाच-पाच वेळा पुसून दाबला तरी न उमटणारा माझा अंगठा तिथे चक्रासकट उमटला होता. पुढचे चारही तसेच निघाले. मित्रांना त्याने सांगून टाकलंय की तो गुरूचा शाप आहे.

पुढच्या महिन्यात धान्य आणायला जाताना मी जादूगारच घेऊन जाणार आहे.