कमांड दिली तरी राउटर ढिम्म हलत नाही

सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेनुसार लाकूड कोरणारे यंत्र, चालू कामात मध्येच कमांड घेणे बंद करतो याचा मला मनस्वी संताप येतो, आणि त्याहून जास्त संताप येतो तो त्यानंतरच्या त्याच्या मौनाचा. जॉगचे (यंत्र हवे तितके सरकवण्याचे) बटण दाबा, होमिंग (मूळ जागी परतण्याची आज्ञा) द्या, फाइल पुन्हा लावा, यंत्र ढिम्म हलत नाही आणि का हलत नाही हे सांगणारे एक सरळ वाक्यही स्क्रीनवर येत नाही. कापणारा बिट फिरवणारा स्पिंडल मात्र बऱ्याचदा पूर्ण वेगाने फिरतच राहतो, कारण त्याला थांबण्याची आज्ञाच पोहोचलेली नसते, आणि लाकडात रुतलेला बिट एकाच जागी घासून तो भाग काळा करून टाकतो. निवडून आणलेली फळी आणि जवळजवळ पूर्ण झालेले कोरीवकाम त्यात वाया जाते.

यावर सेवा विभागाचे ठरलेले उत्तर असते की बंद करून पुन्हा चालू करा. हा सल्ला देणाऱ्यांना आपण काय सांगत आहोत याची कल्पना तरी असते का? साध्या राउटरच्या स्टेपर (ठरावीक पावलांनी फिरणाऱ्या) मोटरींना एन्कोडर, म्हणजे जागा मोजणारा सेन्सर, नसतो. आपण कुठे उभे आहोत हे यंत्राला केवळ दिलेल्या पावलांच्या मोजणीवरून कळते. वीज घालवली की ती मोजणी जाते, होमिंगचे स्विच नसतील तर शून्यबिंदू हाताने शोधत बसावे लागते, आणि बिघाड समजून घेण्यासाठी उपयोगी पडणारी ती अडकलेली अवस्थाही पुसली जाते.

वास्तविक मोटरी चालवणाऱ्या कंट्रोलरला कारण बऱ्याचदा माहीत असते. जीआरबीएल हे कंट्रोलरमधले सॉफ्टवेअर घेतले तर प्रश्नचिन्ह पाठवताच ते आपली स्थिती कळवते: रिकामे आहे, होल्डवर आहे की अलार्ममध्ये अडकले आहे. उत्तर आले तर कंट्रोलर जिवंत आहे, काहीच आले नाही तर बहुधा संवाद तुटला आहे, इतका मोठा फरक एका चिन्हाने कळतो. तरीही संगणकावरचे कित्येक प्रोग्राम ही माहिती दडवून फक्त बटणे फिकट करून ठेवतात किंवा ‘एरर ९’ एवढेच दाखवतात. अलार्म किंवा जॉग चालू असल्यामुळे कमांड नाकारली, हा त्या आकड्याचा अर्थ तिथेच लिहायला काय अडचण आहे? अलार्म १ म्हणजे लिमिट स्विच (यंत्र कडेला पोहोचल्याचे सांगणारा) लागला, हे वापरणाऱ्याने कुठून शोधून काढायचे?

आणि तो स्विच बऱ्याचदा खरोखर लागलेला नसतो, ही सर्वात चीड आणणारी गोष्ट आहे. मिनिटाला २४,००० फेऱ्यांच्या स्पिंडलला व्हीएफडी (त्याचा वेग ठरवणारा ड्राइव्ह) साधारण ४०० हर्ट्‌झचा पुरवठा करतो, आणि तो घडवताना होणाऱ्या वेगवान स्विचिंगचा विद्युत गोंगाट शेजारच्या प्रत्येक वायरीत शिरतो. कंट्रोलरला तो लिमिट स्विचचा सिग्नल वाटतो, किंवा यूएसबीची जोडणीच तुटते. तीच फाइल स्पिंडल बंद ठेवून हवेत चालवली आणि यंत्र निर्धोक शेवटपर्यंत गेले, तर संशय आधी इथेच घ्यावा. स्पिंडलची केबल शील्डेड (धातूच्या आवरणाने झाकलेली) हवी, तिचे अर्थिंग नीट हवे, सिग्नलच्या वायरी तिच्यापासून लांब हव्यात; हे ज्ञान नवीन नाही, कारखान्यांत कित्येक वर्षे पाळले जाते. असे असताना विकलेल्या यंत्रांत या सगळ्या वायरी एकाच ड्रॅग चेनमध्ये, म्हणजे यंत्राबरोबर सरकणाऱ्या वायरींच्या साखळीत, कोंबलेल्या का असतात?

त्याच चेनमध्ये वाकून वाकून एखादी वायर आवरणाच्या आत तुटते, वरून धडधाकट दिसते, आणि गँट्री (स्पिंडल वाहणारा सरकता पूल) ठरावीक जागी गेली की यंत्र गप्प होते. ई-स्टॉपच्या (आणीबाणीत यंत्र थांबवणाऱ्या बटणाच्या) टर्मिनलचा स्क्रू सैल झाला तरी तोच प्रकार, कारण ते सर्किट नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे एरवी जोडलेले, असते आणि जोडणी सुटली की बटण दाबल्यासारखेच वागते. सुरक्षेसाठी ते योग्यच आहे, पण ई-स्टॉप लागला आहे एवढे स्क्रीनवर सांगा ना! संगणकाने वीज वाचवण्यासाठी यूएसबी पोर्ट झोपवला तरी समोर दिसते तेच, निश्चल यंत्र.

कोणती वायर कोणत्या टर्मिनलला जाते, लिमिट स्विच नॉर्मली ओपन आहेत की क्लोज्ड, एवढे छापलेला एक कागद कंट्रोल बॉक्सच्या दाराला आतून चिकटवला असता तर निम्मा शोध वाचला असता. तो कागद मागितला की बॉक्स उघडल्यास वॉरंटी रद्द होईल, असे ऐकवले जाते.