उदात्ताकडून क्षुल्लकाकडे : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपली प्रतिक्रिया लक्षपूर्वक वाचली. वाचकाला उदात्तापर्यंत नेऊन एकाएकी क्षुल्लकात आणून सोडणे, म्हणजेच ‘बेथॉस’, ही हशा मिळवण्याची स्वस्त युक्ती आहे, तिच्यामुळे गंभीर भावनेची थट्टा होते आणि खुद्द इंग्रज कवी अलेक्झांडर पोपने हा शब्द निंदेसाठीच वापरला, असे आपले म्हणणे आहे.

पोपविषयीचा मुद्दा आधी घेतो. १७२८ साली प्रसिद्ध झालेल्या लेखनात त्याने प्राचीन ग्रीक समीक्षक लाँजायनसच्या उदात्तविषयक ग्रंथाचे विडंबन करून समकालीन कवींना धारेवर धरले, हे खरेच आहे. मात्र तिथे त्याचा रोख कवीच्या हातून नकळत होणाऱ्या घसरणीवर आहे. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटानेही ‘काव्यप्रकाशा’त ‘पतत्प्रकर्ष’, म्हणजे गाठलेली उंची पुढे घसरत जाणे, हा वाक्यदोष सांगितला (त्याच्या उदाहरणात उतरते ती मुख्यतः पदरचनेची पातळी), पण वक्ता, प्रसंग इत्यादींच्या औचित्यामुळे दोषसुद्धा क्वचित गुण ठरतो, हेही त्यानेच त्याच उल्लासात, म्हणजे प्रकरणात, नोंदवले आहे.

जाणूनबुजून केलेली घसरण काय साधते, हे पोपच्याच ‘द रेप ऑफ द लॉक’मध्ये पाहावे. एका उमरावाने एका तरुणीच्या केसांची बट कापली, त्यावरून दोन घराण्यांत वितुष्ट आले, आणि तो राग निवळावा म्हणून एका स्नेह्याच्या सूचनेवरून पोपने हे काव्य लिहिले. १७१२ साली त्याचे दोन सर्ग होते, १७१४ साली पाच झाले. महाकाव्याचा सारा थाट एका बटेसाठी मांडला की भांडणाचे खरे माप भांडणाऱ्यांनाच दिसू लागते. यात थट्टा आहे ती भावनेची नव्हे, तिला दिलेल्या अवास्तव आकाराची.

तिसऱ्या सर्गात तीन राज्ये जिची आज्ञा मानतात ती राणी ॲन हॅम्प्टन कोर्ट या राजवाड्यात कधी सल्ला घेते आणि कधी चहा. एकच क्रियापद दोन्ही कर्मे सारख्याच सहजतेने पेलते आणि वृत्त कुठेही अडखळत नाही. त्यानंतर थोड्याच ओळींनी दुपार कलते, भुकेले न्यायाधीश घाईने शिक्षेवर सही करतात, आणि पंचांना वेळेवर जेवता यावे म्हणून अभागी माणसे फासावर जातात. इथेही रचना तीच आहे, एका पारड्यात प्राण आणि दुसऱ्यात जेवण, परंतु हसू ओठांवर येण्याआधीच विरते. दोन्ही गोष्टी एका मापाने तोलणारा समाज त्या एका ओळीत पकडला गेला आहे, आणि संतापाने लिहिलेल्या कितीतरी कवितांपेक्षा मला ती ओळ अधिक कठोर वाटते. अशा ओळीला स्वस्त म्हणणे मला मान्य नाही.

आपला आक्षेप लागू पडतो तो पूर्वार्धच पोकळ असलेल्या लेखनाला. राणीचे वर्णन करणारी ओळ पोपने पहिल्या शब्दापासून टिंगलीच्या सुरात लिहिली असती, तर चहापर्यंत उतरायला उंचीच उरली नसती.