बंद खोलीतला शॉवर

पावसाळ्यात आमच्या हॉटेलची मागची विंग बंद असायची. ऑक्टोबरात पाहुण्यांचं पहिलं चार्टर विमान उतरायच्या आधी गाद्या उन्हात, एसी साफ, भिंतींना रंग. शॉवर कोण बघतो? एकदा मी सोडला, तर आधी नुसतीच घरघर, मग गंजाचं पाणी, आणि जाळीच्या आतून बोट फिरवलं तर बुळबुळीत थर. चार महिने पाईपात तुंबलेलं ते. दोन तासांनी त्याच खोलीत पाहुणे शिरले.

कळंगुटच्या पट्ट्यात वीस वर्षं मेंटेनन्स केलं, म्हणून सांगतो. अशा थरात लिजिओनेला नावाचा जिवाणू पोसतो. ते पाणी पिऊन सहसा काही होत नाही. तुषार श्वासावाटे फुप्फुसात गेले की न्युमोनिया. १९७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या हॉटेलात ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेचं संमेलन भरलं, त्या साथीत ३४ माणसं गेली, तिथून हे नाव. न्यूयॉर्कने २०१५च्या साथीनंतर कूलिंग टॉवरची, म्हणजे मोठ्या इमारतींच्या एसीचं पाणी गार करणाऱ्या यंत्रांची, नोंदणी नि तपासणी सक्तीची केली.

आपल्याकडे मात्र इंग्लंडचा नियम उचलून चालायचं नाही. ते सांगतात, थंड पाणी २० अंशांखाली ठेवा. अहो, मे महिन्यात आपल्या गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी हाताला चटका देतं! २५ ते ४५ अंश म्हणजे या जिवाणूची चंगळ, आणि गोव्यातला ‘थंड’ नळ जवळपास वर्षभर त्यातच. म्हणून इथे भर हवा तो पाणी वाहतं ठेवण्यावर, टाकी घासण्यावर, क्लोरीनवर. गरम पाणी साठवायचं ते ६० अंशांवर. अंग भाजू नये म्हणून बाथरूमपाशी मिक्सिंग व्हॉल्व्ह. वीज वाचवायला मॅनेजर ४५ वर आणायला लावतात, मीही आणलंय. पावसाळ्यात सोलरचं तर कोमटच.

“आमच्याकडे आजवर एक केस नाही,” हे हॉटेलवाल्यांचं ठरलेलं. दिसणार कशी? ताप यायला दोन ते दहा, कधी चौदा दिवस लागतात. तोवर पाहुणा दिल्लीला. लघवीची चाचणी आहे, पण डॉक्टरला शंका आली तरच ती होणार.

हॉटेलच्या लायसन्स नूतनीकरणाला सरकारने एक वही मागावी, एवढंच म्हणणं आहे माझं. बंद खोलीतले नळ आठवड्याला कधी सोडले, गरम पाणी किती अंश, टाकी कधी धुतली. आणि न सांगता येऊन थर्मामीटर लावणारा माणूस हवाच, नाहीतर अख्खी वही एका बैठकीत, एकाच पेनाने भरली जाते. तशा वह्या मी भरल्यात.

चवथीला बंद घर उघडणार असाल तर शॉवरचं तोंड काढून पाणी पाच मिनिटं बादलीत जाऊ द्या. खिडकी उघडी ठेवा.