कमलाबाईंना प्रश्नमंजूषेतून बाहेर काढा

३ मे जवळ आली की माझ्या भिंतीवर दादासाहेब फाळक्यांच्या पोस्टींचं पेव फुटतं. 'राजा हरिश्चंद्र', ३ मे १९१३, कॉरोनेशन थिएटर, तारामती झालेले अण्णा साळुंके. आणि शेवटी एक ओळ हमखास चिकटवलेली: फाळक्यांच्याच 'मोहिनी भस्मासुर'मधल्या दुर्गाबाई कामत या आपल्या पहिल्या अभिनेत्री आणि त्यांची मुलगी कमला (पुढे कमलाबाई गोखले) ही मुलींमधली पहिली बालकलाकार. खाली हात जोडलेले इमोजी. झालं, कर्तव्य संपलं.

ओळ खोटी नाही. पण ती वाचून जी समजूत होते, ती साफ चुकीची आहे.

'बालकलाकार' म्हटल्यावर काय डोळ्यासमोर येतं? कुणीतरी बाळकृष्ण, नाहीतर रोहिदास. ही कमला तेव्हा तेरा वर्षांची होती आणि ती झाली होती चक्क मोहिनी. भस्मासुराला भुलवून, नाचता नाचता स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवायला लावणारी मोहिनी. पार्वतीच्या भूमिकेत तिची आई. म्हणजे वय मुलीचं, काम बाईचं. आज असं कुणी केलं तर आपणच इथे हजार कॉमेंट टाकू. शंभर वर्षांपूर्वीचं आहे म्हणून आपल्याला ते गोड वाटतं.

दुसरं म्हणजे, ती मुलगी गाणारी होती. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या आणि लहानग्या कमलेला घेऊन नाटक कंपनीत शिरल्या. फिरती कंपनी. या गावचा मुक्काम हलला की बिऱ्हाड, पडदे, ट्रंका घेऊन पुढच्या गावी. कमला चार-पाच वर्षांची असल्यापासून रंगभूमीवर उभी राहिली, आणि ती रंगभूमी संगीत नाटकाची. गळा हीच तिथली कमाई. सिनेमात मात्र तो गळा कुचकामी, कारण पडदा मुका. त्या 'मोहिनी भस्मासुर'ची पूर्ण प्रतही आज आपल्या हातात नाही. ज्या कामाबद्दल आपण तिला ओळखतो, ते आपण पाहिलेलंही नाही आणि त्यात तिचा मुख्य गुणही नव्हता.

तिसरी समजूत सगळ्यात मोठी: १९१३ साली दार उघडलं आणि बायका पडद्यावर आल्या. कसलं दार? चार वर्षांनी, १९१७ मध्ये, फाळक्यांनी 'लंकादहन' काढला. त्यात राम कोण? अण्णा साळुंके. आणि सीता? तीही अण्णा साळुंकेच! १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये कृष्ण झाली ती फाळक्यांचीच लेक मंदाकिनी. बाहेरची बाई मिळणं इतकं अवघड होतं. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात 'सैरंध्री' केला तेव्हा गुलाबबाई आणि अनसूयाबाई यांना घेतलं. १९२० साली तो आपल्या पुण्यात 'आर्यन'ला लागला, लोकमान्यांनी पेंटरांना 'सिनेमा केसरी' म्हटलं, सगळं झालं. त्या दोघींच्या वाट्याला मात्र आपल्या माणसांचा रोष आला. ('आर्यन' म्हणजे मंडईत आपण गाडी लावतो तेच. थिएटरं पाडून पार्किंगला त्यांची नावं ठेवण्यात आपला हात कुणी धरणार नाही.)

हे सगळं त्या काळच्या सभ्य, सुशिक्षित प्रेक्षकाला अजिबात खटकत नव्हतं, हे लक्षात घ्या. १९१३ म्हणजे गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली ते साल. पुरुषाने शालू नेसून 'मानापमान'मधली भामिनी व्हावं यात अभिरुची होती. बाईने तेच केलं की घराण्याची अब्रू जायची. बालगंधर्वांच्या थोरवीबद्दल मला वाद घालायचाच नाही, जंगली महाराज रस्त्यावरच्या रंगमंदिरात मीही डोळे पुसत नाटकं पाहिली आहेत. पण त्याच काळात एक पोरगी आईबरोबर गावोगाव खऱ्या आवाजात गात होती, तिच्यासाठी आपल्याकडे फक्त सामान्यज्ञानाचा एक गुण आहे.

तिचं खरं आयुष्य त्या सिनेमानंतरच सुरू होतं. किर्लोस्कर नाटक मंडळीत स्त्रीभूमिका करून आलेल्या रघुनाथराव गोखल्यांशी पंधराव्या वर्षाच्या आसपास तिचं लग्न झालं. पंचविशीच्या सुमारास रघुनाथराव गेले. पदरात दोन मुलं, तिसरं पोटात. त्या काळच्या मराठी ब्राह्मण विधवेने काय करायचं असायचं ते तुम्हाला सांगायला नको. कमलाबाईंनी तोंडाला रंग लावला. मनोहर स्त्री संगीत मंडळीत सगळी पात्रं बायकाच रंगवायच्या. तिथे त्यांनी पुरुषांच्या भूमिका केल्या. नवरा एकेकाळी शालू नेसून उभा राहिलेला आणि बायको आता पुरुषी वेषात! हा विरोधाभास एखाद्या नाटककाराने लिहिला असता तर आपण त्याला 'ओढूनताणून' म्हटलं असतं.

बोलपट आले, त्यांतही त्या मिळेल ते काम करत राहिल्या, थेट १९८० च्या 'गहराई'पर्यंत. मुलं त्यांनी रंगभूमीच्या कमाईवर वाढवली. लालजी आणि सूर्यकांत तबल्याकडे गेले, चंद्रकांत लहानपणीच नट म्हणून उभे राहिले. चंद्रकांत गोखले काय दर्जाचे नट होते ते आमच्या पिढीला माहीत आहे. २०२२ मध्ये त्यांचे चिरंजीव विक्रम गोखले गेले, त्या दिवशी चॅनेलवाल्यांनी पणजी-आजीची ती ओळ पुन्हा वाचून दाखवली आणि पुढच्या बातमीला गेले. आजी म्हणून, आई म्हणून, 'पहिली' म्हणून, सगळ्या नात्यांनी त्या आपल्याला चालतात. राबणारी नटी म्हणून त्यांच्याबद्दल दोन परिच्छेद लिहायला मात्र कुणाला सवड नसते.

फाळक्यांना कमी लेखतोय असं कुणी म्हणेल, म्हणून सांगतो: कर्ज डोक्यावर घेऊन सिनेमा पुरा करू पाहणाऱ्या माणसाने मिळेल त्या नटाला घेतलं, त्यात त्याचा दोष नाही. पण ज्या समाजात बाई मिळत नव्हती तो समाज आपल्या पणजोबांचा होता, आणि एका बाईचं नाव घेऊन त्याचं श्रेय आपण खिशात घालतो, हे मला पटत नाही.

कमलाबाई शेवटी पुण्यातच वारल्या. त्यांच्या म्हातारपणी रीना मोहन यांनी त्यांच्यावर 'कमलाबाई' नावाचा माहितीपट केला. नव्वदीला टेकलेली बाई जुन्या नाटकांतली भाषणं ठसक्यात म्हणते, मध्येच गाते. जेमतेम पाऊण तासाचं काम. फिल्म सोसायटीवाल्या मित्रांनो, हॉल छोटा असला तरी चालेल, पुण्यात पुन्हा एकदा लावा. खुर्च्या मांडायला मी येतो.