गीला की सूखा

रविवारी पहाटे साडेतीनला पलंगाखालून आमच्या मांजरीचा, चिमीचा, असा काही आवाज आला की मला वाटलं उंदीर धरला बाईंनी. मग वास आला. तिचा शी-शूचा वाळूचा टब चार पावलांवर होता, पण पसंती माझ्या ऑफिसच्या बॅगेला.

सकाळपर्यंत पाच वेळा. आणि इंदूरात तुम्ही घाण लपवू शकत नाही राव, 2017 पासून स्वच्छतेत पहिला नंबर घेणारं शहर आहे, दारात कचरागाडी उभी. गाडीवाल्याने पिशवी बघून विचारलं, "भिया, गीला कि सूखा?" मी खरं ते सांगितलं, तर तो गाडीच्या एकेका खान्याकडे बघत नुसता उभा राहिला.

घरात तोवर वैद्य जमलेले. आजी म्हणे मुरडशेंग उगाळून दे. बाबा स्वतःची लूज मोशनची गोळी अर्धी करून तयार. आई म्हणे आज लंघन, आणि काकांचं मत, चिमूटभर जिरावण, म्हणजे आमचा पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला, दे, बघ कशी ठणठणीत होते. (काकांकडे सर्दीपासून घटस्फोटापर्यंत सगळ्याला जिरावण हाच उपाय आहे.)

डॉक्टरांनी चौघांना एका दमात आउट केलं. माणसाची गोळी मनाने द्यायची नाही, पॅरासिटामॉल तर चुकूनही नाही, एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. लंघनही नाही, मांजर काही दिवस उपाशी राहिलं की लिव्हरमध्ये चरबी साठायला लागते. मग त्यांनी चिमीची मानेमागची कातडी चिमटीत उचलून सोडली, ती लगेच जागेवर गेली, म्हणजे अंगात पाणी आहे म्हणाले. आणि मग उलटतपासणी सुरू.

"खाते काय?"

"फक्त कॅट फूड," मी ऐटीत.

"ब्रँड बदलला?"

बदलला होता. ऑफर होती म्हणून तीन किलोची बॅग आणली आणि रातोरात जुनं बंद. हे सात ते दहा दिवस थोडं थोडं मिसळत करायचं असतं म्हणे.

"दूध?"

आजी छताकडे बघायला लागली. सायीचं, चमचाभर, एवढंच. मोठ्या मांजरांपैकी पुष्कळांना दुधातली साखर पचत नाही, आणि आजीचा चमचा म्हणजे आमटीचा डाव असतो हे मी डॉक्टरांना सांगून टाकलं. मग बाबा हळूच म्हणाले, "मी आपली कधीतरी सेव..." कुठली? लसणाची! डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. बाबांची इतकी खाली गेलेली मान मी दहावीच्या माझ्या रिझल्टनंतर पहिल्यांदाच पाहिली.

शी तपासायला द्यायची होती, ताजी. ज्या बाईने रात्रभर न मागता दिली तिने मला डबी घेऊन तीन तास टबाशेजारी बसवलं. जंत नाहीत, जिआर्डिया नावाचा आतड्यातला परजीवी नाही, रिपोर्ट क्लीन. म्हणजे आरोपी घरातलेच.

प्रोबायोटिक पावडर मिळाली, भरपूर पाणी, आणि थोडं थोडं उकडलेलं चिकन, बिनमिठाचं. आता आमच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात बंद असतो, तर चिकन गॅलरीत इंडक्शनवर, वेगळ्या पातेल्यात, आणि आजी आतून नाक दाबून सूचना देतेय, "नीट शिजलंय का बघ रे, हाडूक राहायला नको." रक्त दिसलं, उलट्या झाल्या किंवा मलूल पडली तर लगेच आणा, असं सांगितलेलं, त्यामुळे दोन दिवस दर तासाला कोणीतरी पलंगाखाली वाकलेलं. पिल्लू असतं तर इतकीही वाट बघायची नव्हती.

तिसऱ्या दिवशी शी घट्ट झाली. बाबांनी व्हॉट्सअपवर फोटो टाकला, तोही नातेवाइकांच्या ग्रुपवर.

संध्याकाळी बेल वाजली. शेजारच्या भाभी, चेहरा काळजीचा, हातात वाटी.

"भैया, हमारी रानी दो दिन से आई नहीं, आपने कहीं देखी क्या? रोज़ शाम को आती है, रबड़ी खाने।"

पलंगाखालून चिमी बाहेर आली आणि सरळ भाभींच्या पायांना अंग घासायला लागली.