दिवाळी पहाट भरवू इच्छिणाऱ्या होतकरूंसाठी

दिवाळी तोंडावर आली आणि तुमच्या प्रभागात अजून दिवाळी पहाट नाही? शेजारच्या प्रभागात दोन आहेत. त्यातली दुसरी तर केवळ पहिली आहे म्हणून आहे. डोंबिवलीच्या फडके रोडवर, ठाण्याच्या तलावपाळीला, पुण्याच्या सारसबागेत माणसं पहाटे नटूनथटून बाहेर पडतात. मग तुमच्याच लोकांनी अंगाला उटणं फासून घरात का बसावं? तेव्हा यंदा मनावर घ्याच. गाण्यातलं काही कळत नाही म्हणून मागे राहू नका. ती अडचण नव्हे, पात्रता आहे.

सुरुवात फ्लेक्सपासून करा. गायिका कोण हे नंतर ठरलं तरी चालतं, फ्लेक्सवर जागा किती उरते ते आधी कळायला हवं. वर मार्गदर्शक, मध्ये आधारस्तंभ, दोन्ही बाजूंना पासपोर्ट फोटोंच्या माळेत शुभेच्छुक. गायिकेचा फोटो खाली डाव्या कोपऱ्यात, पणतीच्या ज्योतीआड थोडासा झाकलेला. तबला, हार्मोनियम वाजवणाऱ्यांसाठी ‘व सहकारी’ एवढं पुरे. नावं छापली की ती चुकतात, आणि चुकली की त्यांची माणसं फोन करतात.

रंगमंचासमोर रांगोळी हवीच. त्यासाठी गल्लीतली कलामहाविद्यालयात शिकणारी एखादी मुलगी गाठा. पैशाचा विषय तिने काढला तर आपण ‘व्यासपीठ मिळतंय’ हा विषय काढावा. ती रात्रभर उकिडवी बसून दहा बाय दहाचं सरस्वतीचं चित्र काढेल. सकाळी प्रमुख पाहुणे दीपप्रज्वलनाला निघाले की सगळ्यात जवळची वाट वीणेवरूनच जाते. त्याला इलाज नाही.

आता वेळ. निमंत्रणपत्रिकेवर ‘पहाटे ठीक ५.३० वाजता’ असं छापा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, हे तुम्हाला पोलीस चौकीत कळेलच. पण घाबरू नका, कारण साडेपाचला फक्त श्रोते येणार आहेत. पाहुणे पावणेसातला येतात. गायिका मात्र भाबडी असते. ती ललित बसवून आलेली असते. ललित हा सूर्य उगवायच्या आधीचा राग, आणि दिवाळीत आपल्याकडे साडेसहाच्या सुमाराला उजाडतं. म्हणजे नियम आणि सूर्य यांच्या मध्ये बाईंना जेमतेम अर्धा तास सापडतो. तो स्वागतगीत, प्रास्ताविक आणि निवेदिकेची पहाटेवरची कविता यांत व्यवस्थित भरून काढावा. पावणेआठला बाई गायला बसतील तेव्हा समोरच्या रांगांच्या डोळ्यांवर ऊन आलेलं असेल. सगळे गॉगल लावतील. दुसऱ्या रांगेतले एक आजोबा घड्याळाकडे आणि मग गायिकेकडे कींव आल्यासारखं बघतील. अशा माणसांना पुढच्या वर्षी पास देऊ नयेत.

हीच माणसं रात्रीच्या नावानेही हळहळत असतात. सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ भीमसेन जोशींनी १९५३ साली सुरू केलेला पुण्याचा महोत्सव पूर्वी रात्र रात्र कसा चालायचा, रमणबागेतून बाहेर पडताना फटफटलेलं कसं असायचं, हे ते न विचारता सांगतात. आता महोत्सव मुकुंदनगरला, आणि मैफली दुपारपासून. माझ्या मते यात तक्रारीला जागा नाही. मुलतानी, मधुवंती, भीमपलास या दुपारच्या मंडळींना त्यामुळे बरे दिवस आले. रात्रीच्या दरबारीने थोडं लवकर उरकायला शिकावं. कायदा सगळ्यांना सारखाच असतो. विसर्जनाच्या मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतींना तो नीट ऐकू येत नाही, एवढंच.

तंबोऱ्याचा खर्च वाचवता येतो. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं याचा आपल्याला अभिमान आहेच. तो निवेदिकेला एका वाक्यात व्यक्त करायला सांगा. पण प्रत्यक्षात दोन तंबोरे आणायचे, टेम्पोत जपायचे, पहाटेच्या गारव्यात पुन्हा पुन्हा जुळवायचे आणि मागे बसून छेडायला दोन शिष्या शोधायच्या, हे कोणी सांगितलंय? मोबाईलवर अ‍ॅप असतं. ते लावण्याची जबाबदारी माझ्या ओळखीच्या एका मंडळाने सेक्रेटरींच्या भाच्यावर सोपवली होती. त्याने बाईंची पट्टी, काळी चार, बरोबर लावली, पंचमावर, म्हणजे ‘प’वर, बोट ठेवलं, फोन माइकला टेकवला आणि उपमा खायला गेला. आता ललितात पंचम नसतो, त्यात तंबोरा मध्यमात, म्हणजे ‘म’वर, लावतात. बाई गाता गाता डाव्या हाताने खुणा करत होत्या. भाच्याला वाटलं आवाज वाढवायला सांगतायत, म्हणून त्याने तो लांबूनच ब्लूटूथवर वाढवला. नंतर त्याच फोनवर वैयक्तिक कर्ज देऊ करणारा कॉल आला. त्या कॉलची रिंग मात्र सुरात होती, असं हार्मोनियमवाल्यांनी मला नंतर शपथेवर सांगितलं.

साउंडवाला दहीहंडीचाच घ्या. सामान आधीच गल्लीत असतं. तबलजी तबला सुरात लावायला हातोडी घेऊन गट्ट्यांवर ठोकत बसले, की तो ‘चेक झालं ना, सुरू करा’ म्हणतो. त्याचंही बरोबर आहे, वेळ जाते. डग्ग्याला तो असा काही बेस देईल की पार्किंगमधल्या गाड्यांचे अलार्म समेवर वाजतील. गायिकेने ‘मला माझा आवाज थोडा मॉनिटरमध्ये द्याल का’ असं विचारलं, तर हसून मान डोलवायची आणि काही करायचं नाही. आम्हा सगळ्यांना ऐकू येतंय, त्यांना स्वतःला ऐकून काय करायचंय?

सत्कार कधी ठेवावा, यावर मतभेद आहेत. जुन्या वळणाचे लोक सुरुवातीला ठेवतात. मी म्हणेन, संथ विलंबित संपून जलद द्रुत धरायच्या बेताला. तोवर मंडप भरलेला असतो आणि कोणी उठून जाऊ शकत नाही. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. आधी मार्गदर्शकांना, मग आधारस्तंभांना, मंडप घालणाऱ्याला, परवानगी आणणाऱ्याला. गायिका मांडीवर स्वरमंडल घेऊन मधोमध तशाच बसलेल्या असतात. फोटोत त्या आपोआप येतात, वेगळा काढावा लागत नाही. पाहुण्यांनी दोन शब्द बोलताना ‘मला गाण्यातलं काही कळत नाही, पण’ अशी सुरुवात करावी आणि पुढची वीस मिनिटं ते सिद्ध करावं.

श्रोत्यांची काळजी नको. ती मुरलेली जमात आहे. पहिल्या तीन रांगा राखीव ठेवा. त्या शेवटपर्यंत रिकाम्या राहतील आणि मागे दोनशे माणसं उभी राहून त्यांच्याकडे बघतील, त्याने कार्यक्रमाला वजन येतं. पैठण्यांचे फोटो सहापासून चालू असतात, त्यासाठी गाणं थांबवायची गरज पडत नाही. आलापात बोलता येतं, तानेला टाळी वाजवायची, आणि मधल्या शांततेत ‘एखादं नाट्यगीत होऊ द्या!’ असं ओरडायचं, हे त्यांना शिकवावं लागत नाही. काही जण अख्खा ख्याल मोबाईलमध्ये उभा धरून रेकॉर्ड करतील. तो पुढे कोणीच ऐकत नाही, पण मागच्याला दिसत नाही, हा उपयोग आहे.

भैरवीचा पहिला सूर लागला की चपलांकडे धाव घ्यावी. भैरवी म्हणजे गाड्या काढण्याची सूचना अशीच आपल्याकडे समजूत आहे, आणि बाहेर पडायला एकच गेट असल्यामुळे ती शहाणपणाचीही आहे. गायिकांनी डोळे मिटलेले असतात. त्या उघडतील तेव्हा समोर खुर्च्या गोळा करणारी दोन मुलं असतील.

राहता राहिलं मानधन. फ्लेक्स, मंडप, साउंड, उपमा, शाली यांचं बिल आधी चुकतं करा, कारण ते लोक दारात येऊन बसतात. कलाकार येत नाहीत. गायिकेच्या हातात जाड पाकीट द्या, जाड म्हणजे आत आभारपत्र असावं. साथीदारांना ‘गूगल पे करतो’ म्हणा. नंबर मात्र आवर्जून लिहून घ्या, पाडव्याला शुभेच्छांचा मेसेज त्यावरच पाठवायचा असतो. तबलजी तुळशीच्या लग्नापर्यंत थांबतील आणि मग ‘दादा, जमलं तर बघा’ असं अगदी संकोचून लिहितील. त्यांना लगेच फोन करा, आवाजात आपलेपणा आणा, आणि पुढच्या वर्षीची तारीख आत्ताच धरून ठेवायला सांगा.